लख्ख घासलेले अशनी

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले ती बुटांचं रिकामं खोकं घेऊन. नवे बूट माझ्या पायात होते; खोकं बाबांसाठी होतं. खरं म्हणजे खोकंही नाही, त्याच्या कोपऱ्यात पडलेली, ‘खाऊ नये’ असं लिहिलेली ती चपटी पांढरी पुडी. ओल शोषून घेणारे दाणे असतात ना तिच्यात, ती. आमच्या नात्यागोत्यात कुणीही बूट, पर्स, औषधाची बाटली, काहीही विकत घेतलं की आतली पुडी बाबांकडे पोचती करायची, असा अलिखित नियम होता. माझ्या एका मावसभावाने मोठा टीव्ही घेतल्याची बातमी आम्हाला पुडीवरूनच लागली. त्याने स्वतः सांगितलं नव्हतं, पण पुडी न पाठवण्याइतका तो कृतघ्न नव्हता.

या पुड्या बाबांच्या अशनींसाठी असत. ‘उल्का नव्हे, अशनी,’ असं ते प्रत्येकाला सांगत. ‘उल्का वाटेत जळून जाते. अशनी पोचतो.’ बाबांकडे लोखंडी अशनींचे सात काप होते. बिस्किटाएवढ्या पहिल्यापासून बशीएवढ्या सातव्यापर्यंत. आकाशातून आलं तरी लोखंड ते लोखंडच, दमट हवा लागली की आपल्या खिडकीच्या गजासारखंच गंजतं. म्हणून प्रत्येक काप वेगळ्या डबीत, प्रत्येक डबीत दोन पुड्या, आणि डब्यांच्या कपाटाला कुलूप. कुलपाची किल्ली मात्र कपाटावरच ठेवलेली असे. बाबा वजनमाप खात्यात निरीक्षक होते. जन्मभर दुकानदारांची वजनं खरी की खोटी ते तपासत आले, पण घरातल्या माणसांवर त्यांचा विश्वास होता.

त्या दिवशी पुडी खिशात टाकून त्यांनी नेहमीसारखा टेबलावरचा दिवा ओढला. काप दोन बोटांच्या चिमटीत, फक्त कडेने धरला, कारण बोटांचा घाम लागतो. आणि हळूच कलता केला. एका कोनात नुसता करडा तुकडा दिसतो. जरासा कलला की त्यात तिरक्या रेघा एकदम उजळतात, एकमेकींना छेदत, चटई विणल्यासारख्या. आणखी जरासा कलला की त्या मावळतात आणि त्यांच्याखालून दुसऱ्याच दिशेच्या वर येतात.

“दिसलं?” बाबांनी विचारलं.

“दिसलं,” मी म्हटलं.

यापुढचं मला तोंडपाठ होतं. कुठल्याशा फुटक्या ग्रहाच्या पोटातलं हे वितळलेलं लोखंड आणि निकेल. ते इतकं सावकाश गार झालं की एकेका अंशाला हजारो वर्षं लागली, आणि म्हणून त्यात हे स्फटिक निवांत वाढले. पृथ्वीवरच्या कुठल्याही कारखान्यात ही वीण तयार होत नाही, कारण कुठल्याही मालकाला तेवढा धीर नाही. हे झालं की बाबा काप लगेच डबीत ठेवत नसत. थोडा वेळ दिव्याखाली तसाच धरून ठेवत. दुकानदार कसा गिऱ्हाईक उठायला लागलं तरी उलगडलेलं कापड जरा वेळ गुंडाळत नाही, तसा. गिऱ्हाईक बहुधा उठूनच जाई. त्या दिवशी मी बँकेच्या कार्डाबद्दल काहीतरी बोलायला लागले आणि आईने आतून सांगितलं की तिला आधी बसू द्या, आल्यापासून उभी आहे. बाबांनी काप डबीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, समोरचा चहा गार व्हायच्या आत, बाबा गेले. एकेका अंशाला हजारो वर्षं घेणाऱ्या गोष्टींवर जीव टाकणाऱ्या माणसाने स्वतः एवढी घाई करावी, हे मला अजून नियमात बसलेलं वाटत नाही.

आता मुख्य हकीकत. पण त्याआधी आमच्या घरातला एक जुना विनोद सांगायला हवा, कारण सगळं त्याच्यापासून सुरू झालं.

कापावरच्या रेघा आपोआप दिसत नाहीत. काप कापून, घासून, आरशासारखा केला तर तो नुसता आरसा असतो. मग त्यावरून सौम्य केलेलं आम्ल फिरवायचं. आम्ल एका जातीचे स्फटिक जास्त खातं, दुसऱ्या जातीचे कमी, आणि रेघा उगवतात. ‘उगवतात’ हा बाबांचा शब्द. तर पुष्कळ वर्षांपूर्वी, पहिलाच काप घरात आला तेव्हा, आईने तो टेबलावर पाहिला, त्यावरचे ओरखडे पाहिले, आणि दुपारभर बसून बाबांच्याच पॉलिश पेपरने घासून लख्ख केला. संध्याकाळी बाबा घरी आले तर त्यांच्या हातात आरसा. ‘हिने चार अब्ज वर्षं एका दुपारीत घासून टाकली,’ असं ते आल्यागेल्याला सांगत. सांगताना इतके खूश असत, की ऐकणाऱ्याला वाटावं आईने काही बक्षीस मिळवलंय. आई हसायची आणि चहा टाकायला उठायची.

बाबा गेल्यानंतर काही आठवड्यांनी दगडमंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. मंडळाचं खरं नाव लांबलचक आणि भारदस्त आहे. दगडमंडळ हे आईने ठेवलेलं. बाबांसारखे डझनभर लोक त्यात आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात भिंग असतं. हॉटेलात बसले तर मिठातही स्फटिक बघतात. अध्यक्ष म्हणाले, बाबांच्या स्मरणार्थ त्यांच्या सातही कापांचं छोटं प्रदर्शन भरवू, वहिनींना समोर बसवू, मी स्वतः रेघांविषयी चार शब्द बोलेन. मी ग्रंथपाल आहे. रविवारी आमचं वाचनदालन रिकामं असतं, तेव्हा मी उदार होऊन दालन देऊ केलं. अध्यक्षांचे चार शब्द म्हणजे दीड तास, हे मला ठाऊक होतं. पण बाबांसाठी दीड तास बसायला माझी हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आईकडे गेले, कपाटावरची किल्ली घेतली, पहिली डबी उघडली. डबीतून मीच माझ्याकडे पाहिलं. दुसरी उघडली, तिच्यातही मी. सातव्या डबीत तर मी चांगली बशीएवढी होते आणि माझं तोंड उघडं होतं. सातही काप आरसे झाले होते. एक रेघ नाही, एक ओरखडा नाही.

“घासून ठेवलेत गं,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “रिकामंच होतं. म्हटलं, करून टाकू.”

“छान झालं,” मी म्हटलं.

आता मी ‘छान झालं’ का म्हटलं, असं कुणी विचारेल. तुम्ही त्या आवाजात ‘रिकामंच होतं’ ऐकलं असतं तर तुम्हीही तेच म्हटलं असतं. माझ्या डोळ्यांपुढे रविवार उभा राहिला. आई पुढच्या खुर्चीत बसली आहे, डझनभर माणसं भिंगं लावून सात आरशांमध्ये आपापली नाकं बघताहेत, आणि अध्यक्ष अत्यंत सहानुभूतीने, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणताहेत, ‘वहिनी, हे काय करून बसलात?’ बाबा असताना तो विनोद होता, कारण मागाहून रेघा परत उगवून आणणारं माणूस घरात होतं. आता तो विनोद राहिला नव्हता. नवऱ्यामागे उरलेली एकमेव गोष्ट आपण आपल्या हाताने पुसली, हे आईला कधीच कळता कामा नये, असं मी ठरवलं. प्रदर्शनासाठी काचेची पेटी करायची आहे, मापाला काप हवेत, अशी थाप मारून सातही डब्या पिशवीत घातल्या. आईने काही विचारलं नाही. फक्त, पिशवी नीट धर, एवढंच म्हणाली.

ग्रंथपालाची एक समजूत असते की जगात असं काहीही नाही ज्यावर एखादं पुस्तक नाही. ती खरी निघाली. पुस्तक मिळालं. त्यात हे काम किती सोपं आहे ते एका परिच्छेदात सांगितलं होतं आणि ते करताना काय काय जळू शकतं ते पुढच्या संपूर्ण प्रकरणात. हवं होतं फक्त थोडं नायट्रिक आम्ल. मी रसायनांच्या दुकानात गेले. काउंटरमागच्या गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी बँक फोडायला निघाले आहे आणि वाटेत त्यांच्याकडे थांबले आहे. संस्थेचं पत्र लागेल, म्हणाले. पत्रावर कारण लागेल. कारण पटलं पाहिजे.

मी आमच्या कार्यालयप्रमुखांकडे गेले. ग्रंथालयाला आम्ल कशाला, त्यांनी विचारलं. स्मृतिप्रदर्शनासाठी, मी म्हटलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले की स्मृतिप्रदर्शनासाठी सहसा फुलं मागवतात, फुलांची तरतूद आहे. मी त्यांना स्फटिक, निकेल आणि फुटका ग्रह समजावून सांगितला. बाबांचीच वाक्यं वापरली, आणि मला जाणवलं की समोरचा माणूस घड्याळाकडे बघत असताना ती किती लांब वाटतात. शेवटी त्यांनी जे पत्र दिलं त्यात ‘ग्रंथालयातील जुन्या धातूच्या वस्तू स्वच्छ करणेकामी’ असं कारण होतं. ते वाचून दुकानातले गृहस्थ म्हणाले की स्वच्छतेच्या सामानाचं दुकान शेजारी आहे, तिथे फरशी पुसायचंही मिळतं. मी म्हटलं, मला स्वच्छ करायचं नाही, स्वच्छ झालंय तेच बिघडवायचंय. हे खरं होतं, पण त्यांच्या दुकानात बोलायला नको होतं. त्यांनी पत्र घडी घालून परत दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

आमच्या समोरच्या दारात एक काका राहतात. विमा कंपनीतून निवृत्त झालेले आहेत आणि अपघाताशिवाय कशात त्यांना रस नाही. दोन जिने चढता चढता त्यांनी माझ्याकडून सगळी हकीकत काढून घेतली, कारण मला धाप लागली होती आणि त्यांना नव्हती. काका म्हणाले, अगं, एवढं काय त्यात, आम्ल ते आम्ल. संडास धुवायचं जे मिळतं ना निळ्या बाटलीत, तेही आम्लच. त्यांनी स्वतः त्याने नळाची तोटी साफ केली होती. तोटीचं पुढे काय झालं, हे मी विचारायला हवं होतं.

सगळ्यात छोटा काप मी प्रयोगासाठी घेतला. काका देखरेखीसाठी हजर होते, मोटारसायकलचं हेल्मेट घालून. घरात दोनच माणसं आणि त्यातल्या एकाने हेल्मेट घातलेलं असलं, की दुसऱ्याला आपल्या जिवाची किंमत कळते. निळं पाणी कापावर पडलं. फेस आला. फेस ओसरला तेव्हा काप उकळून ठेवलेल्या चहाच्या रंगाचा झाला होता, ठिकठिकाणी, नकाशासारखा. रेघ एकही नव्हती. काका हेल्मेटच्या आतून म्हणाले की दावा केला असता तर नामंजूर झाला असता. मी तो काप धुतला, पुसला, आठ पुड्यांमध्ये गुंडाळला आणि डबी बंद केली. लहानपणी मी बाबांच्या आवडत्या पेनाची निब वाकवली होती, तेव्हासारखं मला वाटलं. फरक इतकाच की आता ती सरळ करून, काहीच झालं नाही असं दाखवणारं कुणी नव्हतं.

मग मला पाट्यावाला आठवला. आमच्या ग्रंथालयाच्या दारावरच्या पितळी पाट्या त्यानेच केलेल्या. धातूवर अक्षरं तो आम्लानेच काढतो, असं तो मला एकदा सांगत होता, तेव्हा मी ऐकल्यासारखं केलं होतं. म्हणजे जगात कुणीतरी असा होता ज्याच्याकडे आम्ल होतं आणि ज्याला कुणाचं पत्र लागत नव्हतं. मी सगळ्यात मोठा, बशीएवढा काप घेऊन त्याच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे अर्ध्या माणसाची जागा, बाकी सगळीकडे ढाली, करंडक आणि डॉक्टरांची नावं. काप हातात घेऊन त्याने नखाने टिचकी मारली, वजन अजमावलं, आणि माल भारी आहे असा अभिप्राय दिला. मी त्याला सांगितलं की ही माझ्या वडिलांची वस्तू आहे, रविवारी त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम आहे, आणि याच्यावर आम्लाचं काम करून हवंय, शनिवारपर्यंत, अगदी नाजूक हाताने. कळलं, तो म्हणाला. वडिलांचं नाव काय? मी पूर्ण नाव सांगितलं. काय करायचे ते? मी खात्याचं नाव आणि हुद्दा सांगितला. मला वाटलं पावतीसाठी विचारतोय. सरकारी माणसाच्या मुलीला पावतीवर काहीही विचारलेलं चालतं.

शनिवारी दुपारी मी दुकानात पोचले तेव्हा त्याने काप जांभळ्या मखमलीवर ठेवला होता. तो एका बाजूला उभा राहिला, म्हणजे मला नीट बघता यावं.

चार अब्ज वर्षांच्या त्या लोखंडावर बाबांचं संपूर्ण नाव होतं. खाली ‘निवृत्त निरीक्षक, वजनमाप खातं’. त्याखाली ‘यांच्या स्मरणार्थ’. दोन्ही बाजूंनी वेल, वेलीला फुलं, आणि वरती मधोमध उगवता सूर्य. सूर्य त्याने आपल्याकडून घातला होता, असं तो म्हणाला.

मी ते पहिल्यापासून परत वाचलं. ते त्याला भरून आल्यासारखं वाटलं असावं, कारण त्याने मला स्टूल दिलं. मग जरा चाचरत म्हणाला, “एक सांगू का ताई, रागावू नका. काम माझं चोख आहे. पण माल खराब निघाला.”

“म्हणजे?”

“आत रेघा आहेत. अक्षर खोल गेलं की खालून रेघा येतायत. मी तीनदा घासून परत केलं. परत तेच. वरवरच्या नाहीत त्या, आरपारच असणार.” त्याने दिवा जवळ ओढला. “हे बघा. तुम्ही म्हणाल तर दुसऱ्या पत्र्यावर करून देतो.”

त्याने काप उचलून कलता केला. बाबांच्या नावाच्या प्रत्येक अक्षराच्या आत रेघा होत्या. एका अक्षरातून निघालेली रेघ मधल्या आरशाखालून जाऊन पुढच्या अक्षरात नेमकी तिथेच वर आली होती. वेलीच्या पानातही होती. सूर्यातही होती.

पुस्तकात हे लिहिलेलं होतं, बाबांनी हजारदा सांगितलं होतं: वीण पृष्ठभागावर नसतेच, ती पूर्ण गोळ्यात असते, कुठेही कापा. मी ते वाचलं होतं, ऐकलं होतं आणि मला ते माहीत होतं. तरी आठवडाभर मी पुसल्या गेलेल्या रेघा परत आणायला धावत होते. कुणी काही पुसलंच नव्हतं. पुसता येण्यासारखं ते नव्हतंच. आणि हे मला पाट्यावाला माल खराब आहे म्हणून क्षमा मागत सांगत होता. मी त्याला म्हटलं, माल असाच असतो, उलट हा अस्सल आहे. त्याला ते पटलं नाही. गिऱ्हाईक दुःखात आहे म्हणून त्याने वाद घातला नाही, पण सूर्याचे पैसे लावले नाहीत.

आता प्रश्न आईचा होता. उद्या प्रदर्शन, आणि माझ्या पिशवीत पाच आरसे, एक चहाच्या रंगाचा नकाशा आणि एक दारावरची पाटी. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी ठरवलं की तिला सगळं सांगायचं, पण हळूहळू, एकेक डबी उघडत, आणि आधी चहा होऊ द्यायचा.

आईने दार उघडलं. मी आत पाहिलं. जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलेलं होतं. त्यावर बाबांचा काचेचा ट्रे, मऊ ब्रश, खायच्या सोड्याचं पाणी, पुसायची फडकी, यंत्राचं तेल, रबरी हातमोज्यांचे दोन जोड. गॅलरीचं दार उघडं होतं, वास बाहेर जावा म्हणून. आणि टेबलाच्या मधोमध, बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली, बुचाची बाटली.

“हे कुठे होतं?” मी विचारलं.

“गॅलरीत, कुंड्यांच्या मागच्या कपाटात. नेहमीचंच.” आईने माझ्या हातातून पिशवी घेतली. “विचारलं असतंस तर सांगितलं असतं. काचवाल्याकडे कशाला जाईल माणूस आठवडाभर?”

मी खुर्चीत बसले. आईने एकेक डबी उघडली. छोटा काप बघून ती नुसती हुं म्हणाली. काकांनी सांगितलं होतं, मी म्हटलं. त्यांची तोटी तेव्हापासून गळतेय, परवा फोनवर तेच सांगत होते, आई म्हणाली, आणि पॉलिश पेपरची चळत पुढे ओढली. खरबरीतपासून मऊपर्यंत पेपर क्रमाने लावलेले होते. त्यातला नेमका हवा तो काढून, थेंबभर तेल सोडून, एकाच दिशेने ती काप घासायला लागली. काटकोनात वळवून परत. चहाचा रंग जायला लागला. तिचा हात इतका सरावाचा होता, की मला तेव्हा कुठे लक्षात आलं: सातही कापांवर एकही ओरखडा नव्हता. रिकाम्या दुपारी धूळ पुसणाऱ्या बाईला तसं जमत नाही.

“आई, तू हे किती वेळा केलंयस?”

“पहिल्यांदा चुकून,” ती म्हणाली. हात थांबला नाही. “तेव्हा घाबरले होते गं. हे येतील, काय म्हणतील. तर आले, बघितलं, आणि ट्रे काढून बसले. थोड्या वेळाने हाक आली, अगं ये, ये लवकर, उगवतंय. गेले तर चेहरा असा, शाळेतल्या मुलासारखा. नंतर खात्यात त्यांची ती बदली झाली, आठवतं ना, महिनाभर बोलत नव्हते. मी एक काप घासून ठेवला. निवृत्त झाले तेव्हा दोन.”

“त्यांना माहीत होतं?”

“वजनमापवाल्याला कळणार नाही होय? दर वेळी काप हलका व्हायचा.” ती हसली. “आल्यागेल्याला तो एकच किस्सा सांगायचे, पहिला. बाकीचे आमच्यात राहिले.”

मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. या वेळी सात का?

आईने काप फडक्यावर ठेवला. तो परत आरसा झाला होता. त्यात तिच्या हनुवटीखालचा भाग दिसत होता.

“या वेळी सगळेच घासले,” ती म्हणाली. “म्हटलं, एवढं काम पडलेलं बघून तरी.”

वाक्य तिथेच संपलं. मी फडक्याची सुरकुती काढली.

“आणि मी पिशवी घेऊन गेले तेव्हा बोलली का नाहीस?” मी म्हटलं. “मी रसायनवाल्याकडे अपमान करून घेतला. आमच्या साहेबांना वाटतं मला सुट्टीची गरज आहे. काकांनी माझ्या घरात हेल्मेट घातलं.”

“तू त्यांच्यानंतर रडली नाहीस, नीट जेवली नाहीस, आणि रोज मला फोन करून माझीच चौकशी करायचीस,” आई म्हणाली. “पिशवी उचललीस तेव्हा पहिल्यांदा तुझ्या चालण्यात काहीतरी जीव दिसला. म्हटलं, हिलाही काम हवंय. असू दे.”

म्हणजे आठवडाभर मी आईला सांभाळत होते ती ही अशी. मी हातमोजे घातले.

शेवटी तिने मोठा काप काढला. मी आधीच सांगून टाकलं की पाट्यावाल्याचा गैरसमज झाला, चूक माझीच, घासून काढू. आईने तो खिडकीकडे धरून सगळं वाचलं. नाव, हुद्दा, स्मरणार्थ. मग म्हणाली, “सूर्य कशाला?”

“त्याने आपल्याकडून दिला.”

“हं.” तिने तो ट्रेमध्ये न ठेवता बाजूला ठेवला. “हा नको घासायला. दगडमंडळाला सांग, पहिला हा बघा. नाव आहे म्हणून नाही. आतलं दिसतंय म्हणून.”

मग बाकीचे सहा. ब्रश माझ्या हातात होता, किती फिरवायचा आणि कधी थांबायचं ते आई सांगत होती. पहिले काही क्षण काहीच होत नाही, नुसतं ओलं लोखंड. मग आरसा मळल्यासारखा होतो, आपला चेहरा जातो, आणि तो गेला तिथे एक फिकी तिरकी रेघ येते. तिच्याशेजारी दुसरी. मग सगळीकडून एकदम. आईने काप सोड्याच्या पाण्यात बुडवला, धुतला, पुसला, गरम हवेवर धरून वाळवला, तेलाचा हात दिला. रेघा उगवताना मी आजवर कधी पाहिल्या नव्हत्या. हाक यायची तेव्हा मी ‘आले, आले’ म्हणायचे आणि पोचेपर्यंत त्या उगवून झालेल्या असायच्या.

सहा काप फडक्यावर ओळीने वाळत होते. आईने हातमोजे काढले, टेबलावरचा दिवा ओढला, एक काप दोन बोटांच्या चिमटीत फक्त कडेने धरला आणि हळूच कलता केला. रेघा उजळल्या, मावळल्या, त्यांच्याखालून दुसऱ्या वर आल्या.

“दिसलं?” आईने विचारलं.

ती काप खाली ठेवणार होती. तिचा हात थोडा वेळ दिव्याखाली तसाच राहिला, आणि मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून, चांगलं मोठ्याने म्हटलं, “बाबा, परत एकदा दाखवा ना.”

आईने दिवा जरा जवळ ओढला आणि काप परत कलता केला, आधीपेक्षा सावकाश.